एकास बत्तीस

मी कवळ्या बनवते.
परभणीत, दवाखान्याच्या मागच्या खोलीत,
डॉक्टर मापं पाठवतात, मी दात बसवते.
म्हणून माझ्या हेलिकॉप्टरचं पोट
आधी हिरड्यांच्या गुलाबी रंगाचं झालं,
त्याच पावडरीचं, कुकरात शिजवलेलं.
मुलगा म्हणाला, आई, आजोबांचं तोंड उडायलंय.

स्पर्धा डिसेंबरात, संभाजीनगरला.
नियम दोनच ध्यानात राहिले:
प्रमाण एकास बत्तीस,
आणि विकतचा संच चालणार नाही.

खरं हेलिकॉप्टर मी एकदाच पाहिलंय,
निवडणुकीत, मैदानाच्या कुंपणाबाहेरून,
दोन बांबूंच्या फटीतून, सव्वा तास.
सगळ्यांचं लक्ष उतरणाऱ्या माणसाकडं,
माझं पात्यांच्या बुंध्याकडं.
माणूस भाषणाला गेला, पाती थांबली
आणि लवली.
हे मला माहीत नव्हतं.
फिरताना ताठ असतात,
थांबली की टोकं खाली येतात,
कवळी काढली की गाल बसतात
तशी.

पाती केली एक्स-रेच्या फिल्मची, तीन थर.
कुणाचा तरी मणका आहे त्यात, रंगाखाली.
काच केली कोल्ड्रिंकच्या बाटलीची, मेणबत्तीवर ओढून;
चार जळाल्या, पाचवी बसली.
अँटेना म्हणजे माझा केस, त्यातल्या त्यात काळा.
रिव्हेट सुईच्या टोकानं, एक हजार एकशे चाळीस.
डाव्या बाजूला सात जास्त झालेत,
कुणाला सांगू नका.

मग खालची जमीन.
वाटोळं, चुन्याचं, मधोमध एच.
गल्लीतले गौसभाई टँकर चालवतात,
त्यांना विचारलं, त्या दिवशी धूळ कशी नव्हती?
म्हणाले, ताई, दोन खेपा टाकल्या ना मी मैदानावर,
पहाटंच. वीस हजार लिटर.
आपल्याकडं नळ नवव्या दिवशी, ते राहू द्या,
साहेबांच्या डोळ्यात माती जायला नको.

रात्री वही घेऊन बसले.
लांबी बत्तीसनं भागायची, ते सोपं.
पाणी मात्र लांबीत, रुंदीत, खोलीतही लहान होतं;
बत्तीस गुणिले बत्तीस गुणिले बत्तीस.
वीस हजार लिटरचे उरले सहाशे दहा मिली.
एक तांब्या. तोही काठोकाठ नाही.
स्वयंपाकघरात जाऊन भरून पाहिला,
बराच वेळ हातात धरला,
मग पिंपात परत ओतला
आणि चुन्याच्या वाटोळ्याभोवतीची माती
वॉर्निशनं काळी केली.

परीक्षक पुण्याचे. भिंग लावून वाकले.
लवलेली पाती पाहून हसले, ओळखीचं हसू.
सात जास्तीचे रिव्हेट दिसले नाहीत.
मग म्हणाले, खाली हे काय? तेल गळतंय का?
मी म्हटलं, पाणी आहे.
पाणी कशाला?
शिंपडतात.
त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं,
मला उलटं वाचता येतं, तरी वाचलं नाही.

उत्तेजनार्थ मिळालं. प्रमाणपत्रावर नाव चुकलंय,
सुषेणाच्या ऐवजी सुषमा.

रात्रीच्या पॅसेंजरनं परत, खोकं मांडीवर.
सेलूला चढलेल्या पोरानं विचारलं, उडतं का?
म्हटलं, नाही, हे थांबलेलं आहे.

सकाळी गौसभाई बघायला आले.
टोपी काढून, हात पाठीमागं बांधून,
चारी बाजूंनी फिरले.
माती ओळखली त्यांनी. बरोबर आहे, म्हणाले, एवढीच भिजली होती,
गेटाच्या अंगाला थोडी कमी.
मग बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.
ताई, माझा टँकर?

तो चौकटीच्या बाहेर राहिला, गौसभाई.
पुढच्या वर्षी करते.

करा, म्हणाले.
डाव्या बाजूला पोचा आहे, तेवढा घ्या.
आणि मागची तोटी गळते,
ते पण दाखवा.